फ्रान्सचा चढ आणि कोंडाईबारीचा घाट

आप्पा,

काल संध्याकाळी फ्रान्समधली सायकलींची शर्यत डोंगरात शिरली. मी कामावरून येऊन नुकती टेकले होते. मांडीवर गवारीच्या शेंगा, समोर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन. आता शर्यत फोनवर दिसते, तळहाताएवढी. चढावर लोकांनी रस्ता इतका अरुंद करून टाकला होता की सायकलवाले माणसांमधून वाट काढत वर चालले होते. कुणी झेंडे नाचवतंय, कुणी बाटलीतलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओततंय, एक उघडाबंब माणूस धापा टाकत शेजारून पळतोय. माझ्या मुलीने मागून विचारलं, "आई, हे काय बघतेस? कोण आहे तुझ्या ओळखीचं त्यात?" मी शेंगा मोडत राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तिने तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय, आणि त्या फोटोत तुम्ही स्टुडिओच्या खुर्चीत ताठ बसलेले आहात, सायकलीचा मागमूस नाही. तिला कुठून सुरुवात करून सांगावं ते सुचेना, म्हणून आधी तुम्हालाच लिहायला बसले.

सुरतेत उधन्याला रेल्वेलाइनच्या मागे आपल्या खोल्यांची ओळ होती आणि ओळीच्या टोकाला त्या खोल्यांची मालकीण राहायची. गुजराती बाई, सगळे तिला मासी म्हणायचे. केबल फक्त तिच्याकडे. मला आठवतो तो दिवस जुलैमधला आहे. तुमची दिवसपाळी आहे. लूमच्या खात्यातून, म्हणजे मागांच्या कारखान्यातून, तुम्ही येता तेव्हा भुवयांवर धाग्याचा भुरा असतो आणि कानात अजून मागांचा खडखडाट असल्यामुळे तुम्ही सगळ्यांशी ओरडून बोलता. मला घरी न्यायला मासीच्या दारात येता आणि तिथेच थबकता. पडद्यावर सायकली, दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांची शेतं, आणि मधून तो घोळका असा सरकतोय की एकाने वळण घेतलं की सगळेच वळतात, कुणाचं हँडल कुणाला लागत नाही. "हाई काय शे?" तुम्ही विचारता. मासीचा मुलगा कॉलेजात होता, त्याला इंग्रजी बोलणं कळायचं. त्याने सांगितलं, फ्रान्समधली शर्यत आहे. तीन आठवडे चालते. सकाळी एका गावातून निघायचं, संध्याकाळी दुसऱ्या गावाला पोचायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे. सगळ्या दिवसांचा वेळ एकत्र करायचा आणि ज्याचा सगळ्यात कमी भरेल तो जिंकला. तुम्ही अजून दारातच उभे. मासी म्हणते, "अंदर आवो ने भाई, बारणामां केम ऊभा छो?" तेव्हा कुठे तुम्ही चपला काढता आणि उंबऱ्याला लागून, भिंतीला पाठ न टेकवता बसता. मला वाटलं होतं लगेच घरी जाऊ. शर्यत संपेपर्यंत तुम्ही हलला नाहीत आणि मला तुमच्या मांडीवर झोप लागली.

तुम्हाला त्या पडद्याने का धरून ठेवलं ते मला पुढे मायने सांगितलं तेव्हा कळलं. तुम्ही सुरतेत आलात ते लूम चालवायला नव्हे, सायकल चालवायला. आजच्या मुलांना तो खेळ सांगितला तर खरा वाटत नाही. गावाच्या चौकात नाहीतर वस्तीच्या मैदानात मधोमध खांब रोवायचा, त्याला भोंगा बांधायचा, दिव्यांच्या माळा सोडायच्या आणि त्या खांबाभोवती सायकल फिरवत राहायची. सात दिवस, सात रात्री, जमिनीला पाय न लावता. जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर, दाढीसुद्धा. संध्याकाळी गर्दी जमली की छातीवर ट्यूबलाईट फोडायच्या, दातांनी पाण्याची बादली उचलायची, हँडलवर पाय टाकून आडवं पडायचं. भोंग्यावर गाणी आणि मधेमधे, "मायबहिणींनो, गडी अजून उतरला नाही!" धुळे, दोंडाईचा, साक्री करत तुमचा तो खेळ सुरतेपर्यंत आला. पांडेसऱ्याच्या मोकळ्या जागेत खानदेशी कामगारांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं. आणि मग लग्न ठरायची वेळ आली तेव्हा मायच्या वडिलांनी एकच अट घातली. गोल फिरणाऱ्या माणसाला मी पोरगी देणार नाही. कुठेतरी जाणारा माणूस हवा. तुम्ही दुसऱ्या महिन्यात लूमवर लागलात आणि पुन्हा कधी त्या खांबाभोवती फिरला नाहीत. सायकल मात्र ठेवलीत. काळी, जड, मागे रुंद कॅरियर असलेली. तिच्यावरून खात्यात जायचात आणि दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालायचात.

म्हणून त्या जुलैत तुम्ही रोज संध्याकाळी मासीच्या उंबऱ्यावर. दुसऱ्यांना त्यात दिसत नसलेल्या गोष्टी तुम्हाला दिसायच्या. रस्त्याकडेला उभा माणूस पळत्या सायकलवाल्याला खाण्याची पिशवी देतो, तो ती न थांबता गळ्यात अडकवतो, त्यातलं खातो आणि रिकामी पिशवी फेकून देतो. तो पोट आवळून खातो हे बघून तुम्ही मांडीवर थाप मारायचात. "पोट आकसीसन खास तो, दख. नहीतं उलटी होई जाई." एका दिवशी एक सायकलवाला मागून येणाऱ्या आपल्या संघाच्या गाडीपर्यंत गेला, पाठीवर बनियनीत पाण्याच्या बाटल्या कोंबून पुन्हा घोळक्यातून वर आला आणि आपल्या लोकांना वाटत सुटला. मासीचा मुलगा म्हणाला, याचं कामच हे, पुढच्या माणसाला जिंकवायचं. याला कुणी ओळखत नाही. तुम्ही बराच वेळ त्यालाच शोधत राहिलात. कॅमेरा दुसरीकडे गेला की चिडायचात.

त्या मुलानेच तुम्हाला शर्यतीचा इतिहास सांगितला आणि तुम्ही तो मला रात्री जेवताना सांगायचात, आपल्या पद्धतीने तिखटमीठ लावून. आजोबांचाही जन्म झाला नव्हता त्या काळी ती सुरू झाली. एका वर्तमानपत्राला आपला खप वाढवायचा होता, म्हणून. त्या वर्तमानपत्राचा कागद पिवळा, म्हणून जो पुढे असेल त्याच्या अंगात पिवळी बनियन. पहिल्या वर्षांत रात्रीही सायकली हाकायचे, रस्ते मातीचे, फुटलेली ट्यूब ज्याची त्याने बदलायची म्हणून खांद्याभोवती ट्यूबा गुंडाळलेल्या. आणि अंधारात कोण बघतंय म्हणून काही जण गुपचूप रेल्वेत बसले, पुढच्या गावी उतरले आणि तोंडाला धूळ फासून पुन्हा सायकलवर चढले. ही धूळ फासण्याची गोष्ट तुमची, मला आता खात्री आहे. मी खूप हसले होते. "मंग काय झालं?" "काय व्हई? रेल्वेमा बसनारले बाद करी टाकं." शेवटी येणाऱ्यालाही तिथे नाव आहे, लाल दिवा, रेल्वेच्या शेवटच्या डब्याला लावतात तो. लोक त्याच्यासाठीही टाळ्या वाजवतात. तुम्ही म्हणालात, "तोबी पोचस ना? मंग!" आणि शर्यतीचा शेवटचा दिवस. ते सगळे राजधानीत पोचले आणि एका मोठ्या रस्त्यावर, झाडांच्या रांगांमधून पुन्हा पुन्हा एका कमानीपुढून फेऱ्या मारू लागले. तुम्ही आधी पुढे वाकून पाहिलंत. मग असे हसलात की मासी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सगळा देश पालथा घाला आनि शेवट गोलच फिरनात!" तुमच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तुम्ही हसत होतात. मासीला काही कळलं नाही, पण तीही हसली.

त्याच वर्षी गणपती बसून उठले आणि सुरतेत प्लेग आला. मी चौथीत होते. माय बाळंतपणाला साक्री तालुक्यात आपल्या माहेरी गेलेली, खोलीत आपण दोघंच. सकाळी नळावर बायका तोंडाला पदर बांधून उभ्या होत्या आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दुपारी कुणीतरी म्हणालं पाण्यात विष आहे, संध्याकाळपर्यंत औषधाच्या दुकानातल्या प्लेगवरच्या गोळ्या संपल्या. खात्याचे माग बंद पडले. लूमचा आवाज नाही म्हटल्यावर उधना कसं भुतासारखं वाटायला लागलं ते मला अजून आठवतं. मासी आणि तिचा मुलगा टेम्पोत बसून सौराष्ट्रात निघाले. जाताना तिने मला हाताने बोलावलं, जवळ येऊ दिलं नाही आणि गाठोड्यातली चिक्की लांबून टाकली. मायच्या गावी जायला तुम्ही मला घेऊन स्टेशनवर गेलात. गाडी आली तेव्हा तिच्या टपावरही माणसं होती. तुम्ही मला खांद्यावर घेऊन तीनदा दरवाज्यापर्यंत गेलात आणि तीनदा गर्दीने आपल्याला मागे फेकलं. माझी चप्पल गेली. मी रडत होते. तुम्ही मला फलाटाच्या टोकाला नेऊन उभं केलंत, श्वास घेतलात आणि म्हणालात, "रडू नको. रेल्वेमा बसनारले बाद करतस, माहीत शे ना? चाल, आपन सायकलवर जाऊत."

मला ते खरंच वाटलं, आप्पा. मला वाटलं आपण नियमाने चाललो आहोत.

कॅरियरवर पोतं, पोत्यावर मायचं जुनं लुगडं घडी घालून. दुसऱ्या लुगड्याने तुम्ही मला तुमच्या कमरेला बांधलंत, झोप लागली तरी पडू नये म्हणून. पुढे हँडलला पाण्याचा कॅन, भाकरी आणि गूळ. बारडोलीच्या रस्त्याला लागलो तर सगळी सुरत रस्त्यावर. ट्रक, टेम्पो, रिक्षा, बैलगाड्या, डोक्यावर गाठोडी घेऊन चालणारी माणसं. पाऊस नुकताच सरलेला, दोन्हीकडे ऊस, आणि त्या हिरव्यागार रस्त्यावरून तोंडाला फडकी बांधलेली ती वाहती गर्दी. तुम्ही सारखे बोलत होतात. मागे बसलेल्या मला तुमचा आवाज पाठीतून ऐकू यायचा. हा पुढचा ट्रक म्हणजे शर्यतीतली गाडी, तिच्या मागे वारा लागत नाही, म्हणून आपण तिच्या सावलीत राहायचं. हे बघ बारडोली, हे आपलं पहिलं गाव. मी विचारायचे, आपण कितवे आहोत? तुम्ही मान वळवून मागे बघितल्यासारखं करायचात. "लाल दिवा नही, एवढं नक्की." रात्री एका शाळेच्या ओट्यावर झोपलो. तुम्ही माझे पाय तुमच्या मांडीवर घेऊन बसलात. तुम्ही झोपलात की नाही मला माहीत नाही.

व्याऱ्याच्या पुढे लोक बदलले. एका गावाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या आणि काठ्या घेऊन माणसं उभी. "सुरत?" त्यांनी विचारलं. तुम्ही खोटं बोलला नाहीत. "हां भाई, सुरत. पण गावात नाही येणार, रस्त्याने सरळ जाणार." त्यांनी फांद्या सरकवल्या नाहीत. तुम्ही मला सोडवून उतरवलंत, सायकल खांद्यावर घेतलीत आणि शेताच्या बांधावरून वळसा घातलात. चिखलात तुमचे पाय घोट्यापर्यंत रुतत होते. मी मागून लुगडं उचलून चालत होते आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. रोगाची नव्हे, लोक आपल्याकडे ज्या नजरेने बघत होते तिची. पुढे सोनगडच्या अलीकडे चहाच्या टपरीवाल्याने पाणी द्यायला नकार दिला. आपला कॅन संपला होता. तेव्हा रस्त्यापलीकडच्या झोपडीतून एक म्हातारी आदिवासी बाई आली, भरलेला तांब्या रस्त्याच्या मधोमध ठेवला आणि मागे जाऊन उभी राहिली. आपण प्यायलो. तुम्ही तांब्या मातीने घासून, उरलेल्या घोटभर पाण्याने विसळून पुन्हा तिथेच ठेवलात आणि हात जोडलेत. ती तांब्या न उचलता तिथेच उभी राहून आपण वळणाआड जाईपर्यंत बघत होती. बरंच अंतर गेल्यावर तुमच्या पाठीतून आवाज आला, "अशा बाया तठे फ्रान्समाबी उभ्या राहतस. रस्त्यावर. पानी लेईसन."

नवापूरला तपासणीची माणसं होती. ताप बघितला, गोळ्या दिल्या, महाराष्ट्रात सोडलं. आणि तिसऱ्या दिवशी विसरवाडी मागे टाकल्यावर कोंडाईबारीचा घाट सुरू झाला.

तो चढ माझ्या डोळ्यांसमोर आत्ताही आहे. सागाची झाडं, तापलेलं डांबर, आणि तुम्ही उभे राहून पायडल मारताय. तुमच्या पाठीवर शर्ट चिकटलाय. सायकल डावीकडे कलते, उजवीकडे कलते आणि कमरेला बांधलेली मी तुमच्याबरोबर. तुमचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागलाय. मी म्हणते, "आप्पा, मी उतरते." तुम्ही मान हलवता. दोन वळणं जातात. तिसऱ्या वळणावर सायकल जवळजवळ उभीच राहते, आणि तुम्ही पाय खाली टेकवता. मला धक्काच बसतो. मैदानात सायकल शिकवताना तुम्हीच मला सांगितलेलं असतं, पाय टेकला म्हणजे खेळ संपला. माझा चेहरा तुम्हाला दिसला असावा. लुगड्याची गाठ सोडताना तुम्ही म्हणता, "काय व्हत नही. अठे कोनी मोजत नही." आणि आपण दोघं चालायला लागतो. तुम्ही हँडल धरून, मी कॅरियर ढकलत. तुम्हाला इतकं थकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता आपण इथेच राहणार, या झाडांत.

मागून एक ट्रक आला. इतका भरलेला की चढावर त्याला माणसाच्या चालीने यावं लागत होतं. फाळक्यावर, टपावर, ड्रायव्हरच्या केबिनवर माणसं, बायका, पोरं, गाठोडी, सगळी आपल्यासारखीच पळून निघालेली. ट्रक आपल्या बाजूला आला तेव्हा फाळक्यावरचा एक माणूस तोंडावरचं फडकं खाली ओढून तुमच्याकडे टक लावून बघत होता. मग तो ओरडला, "अरे! हाऊ तो सायकलवाला! पांडेसराना सायकलवाला! सात दिवस उतरना नही तो!" दुसऱ्याने विचारलं, कोणता रे? "अरे तो, ट्यूबलाईट फोडे तो!" आणि सगळा ट्रक आपल्या बाजूला झुकला. कुणीतरी हात खाली केला, पोरीला वर दे म्हणून. कुणी म्हणालं, फाळक्याची साखळी धर, ओढून नेतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "जाशी का ट्रकमा?" मी मान हलवली. नाही. तेव्हा तुम्ही हसलात, आप्पा, प्लेग आल्यापासून पहिल्यांदा. मला उचलून कॅरियरवर बसवलंत, पुढून टांग टाकलीत, लुगडं बांधलंत आणि पायडलवर उभे राहिलात.

पुढचं काय सांगू? तुम्हीच तर होतात तिथे. तरी सांगते, कारण तुमची मान खाली होती आणि मी बघत होते. अख्खा ट्रक ओरडत होता. कुणी फाळक्यावर थाप मारून ताल धरला होता. एक बाई डब्याच्या झाकणावर वाटी वाजवत होती. "चाल रे भाऊ! चाल! उतरू नको!" एका म्हाताऱ्याने वरून पाण्याचा गडवा तुमच्या डोक्यावर रिता केला, निम्मं माझ्या तोंडावर आलं. ज्या माणसांनी तीन दिवस एकमेकांकडे बघणं टाळलं होतं, ती सगळी फडकी काढून मोकळ्या तोंडाने ओरडत होती. कुणी आजारी असेल, कुणाच्या घरचं माणूस गेलेलं असेल, पण त्या एका वळणापासून माथ्यापर्यंत ते कुणाच्या लक्षात नव्हतं. ड्रायव्हरही भोंगा वाजवायला लागला. तुमचा पाय एकदाही टेकला नाही. माथ्यावर ट्रकने वेग घेतला, हात हलत राहिले, आणि मग एकदम शांत झालं.

तुम्ही सायकल झाडाला लावलीत आणि वाकून ओकलात. मी तुमच्या कपाळाला हात लावला तर चटका बसेल इतकं गरम. मी तशीच उभी राहिले. तुम्हाला कळलं मी काय विचार करतेय. तुम्ही माझा हात धरून आपल्या गळ्यावर, छातीवर फिरवलात. "हाऊ घाम शे, ताप नही. दख. घाम शे." मग गुळाचा खडा काढून अर्धा मला दिलात. आपण तिथे बसून खाली बघितलं. जिथून आलो तो रस्ता झाडांतून वळत खाली गेला होता आणि त्यावर मुंग्यांसारखी वाहनं चढत होती. "इतला चढनूत आपन?" तुम्ही म्हणालात, मला नव्हे, स्वतःलाच.

मायच्या गावी पोचलो तेव्हा शिवेवरच लोकांनी थांबवलं. सुरतवाल्यांनी गावात यायचं नाही, पंचांनी ठरवलं होतं. आजोबांच्या शेतातल्या खोपीत काही दिवस राहा, मग बघू. तुम्ही हो म्हणालात. संध्याकाळी बांधावर माय आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं बाळ होतं. तिने ते दोन्ही हातांनी उंच धरलं, आपल्याला दिसावं म्हणून, आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "पोरगा शे!" तुम्ही हात हलवलात आणि बाहीने डोळे पुसलेत. मला तेव्हा वाटलं तुम्हाला घाम आलाय.

मागून आजोबा आले. ताट बांधावर ठेवून जायचं, असं ठरलेलं. तुमचं आणि त्यांचं कधी नीट बोलणं झालेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी ताट ठेवलं आणि सायकलीकडे बघितलं. "कसावर उनात?" "सायकलवर." "सुरतथाईन?" "हा." "पोरले मांगे बसाडीसन?" तुम्ही नुसती मान हलवलीत. लग्नाआधी त्यांनी जे म्हटलं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे आजोबा सायकलीकडे इतकं का बघत राहिले ते कळलं नाही. गावाकडून कुणीतरी हाक मारत होतं, परत या म्हणून. त्यांनी तिकडे पाठ केली, ताट उचललं आणि बांध ओलांडून खोपीत आले. तुमच्यासमोर मांडी घालून बसले. "आज मीबी अठेच झोपसू," म्हणाले. तुम्ही म्हणालात, "मामा, गाव काय म्हनी?" त्यांनी तुमचे पाय ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि खोपीतला तेलाचा डबा उघडला. ते तुमच्या पोटऱ्या चोळत होते आणि तुम्ही संकोचाने पाय मागे घ्यायला बघत होतात. चोळता चोळता त्यांनी विचारलं, "घाट कसा चढनात?" आणि तुम्ही सांगायला लागलात. ट्रक आला तिथपर्यंत मी जागी होते.

आपल्या कुणालाच काही झालं नाही. महिन्याभराने सुरत पुन्हा सुरू झाली, माग सुरू झाले, आपण चौघं परत आलो. मासी सौराष्ट्रातून आली तेव्हा तिने मला इतकं घट्ट धरलं की गुदमरले. पुढच्या जुलैत तिने आधीच निरोप पाठवला, शर्यत सुरू झाली, भाईला सांग. त्यानंतरची काही वर्षं तुम्ही तिच्या उंबऱ्यावर बसत राहिलात. आता आत बसायचात खरं तर, खुर्चीवर. पण डोंगराचा दिवस आला की खाली, उंबऱ्याला लागून. मग तुमची छाती गेली. भुरा, डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांचा. तुम्ही फार दिवस घेतले नाहीत.

तुम्हाला सांगायच्या राहिलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. भावाने, त्या बांधावरून दाखवलेल्या बाळाने, सुरतेबाहेर इच्छापोरला कंपनीत नोकरी धरली आहे. तो मोटरसायकलने जातो आणि घरात मुलांशी गुजरातीत बोलतो. मी रिंगरोडच्या मार्केटमध्ये कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढते. मासी गेली. तिच्या खोल्या पाडून तिथे चार मजली इमारत झाली. आणि आता फ्रान्समध्ये बायकांचीही शर्यत होते, आप्पा. तेच डोंगर, तीच गर्दी, तीच पिवळी बनियन. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना ओरडून बोलावलं आणि कुणालाच कळलं नाही त्यात एवढं ओरडण्यासारखं काय आहे. तुम्हाला कळलं असतं. पाण्याच्या बाटल्या वाहणारी एक बाई आहे त्या शर्यतीत, तुम्ही कॅमेऱ्यावर चिडला असतात.

मुलीला हे सगळं सांगेन, बहुतेक रविवारी. तिला सायकल हवी आहे आणि ती मला म्हणते, तूच शिकव. तिला अजून सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. मला सायकल येत नाही. ऑफिसात कुणी विचारलं तर मी म्हणते, सुरतेच्या ट्रॅफिकमध्ये कोण चालवणार. पण तुम्ही किती वेळा मला मैदानात नेऊन सीटवर बसवलंत, आणि मी दर वेळी दोन-चार पायडल मारून उतरले, खाली उतरून मागे कॅरियरवर जाऊन बसले. मला पुढे बसून कुठे जावं असं कधी वाटलंच नाही.